लाइट गेल्यावर तबेल्यात

दीड वाजून गेलाय आणि मोटर बंद आहे. लाइट कधी येणार हे सांगणारं कोणी नाही. मानकोली नाक्यापासून आत वळलं की दोन्हीकडे निळ्या पत्र्यांची गोडाऊनं सुरू होतात, आणि त्यांच्यामध्ये कशाबशा उरलेल्या तुकड्यावर हा तबेला उभा आहे. वर सिमेंटचे पत्रे, खाली दगडी फरशी, मधून गव्हाणीची लांब ओळ, आणि ओळीच्या दोन्ही अंगांना तोंडाला तोंड करून बांधलेल्या म्हशी. साठेक तरी असाव्यात. एरवी वरचे पंखे इतके घरघरतात की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. आत्ता ते थांबलेत आणि साठ म्हशींचा श्वास एकदम ऐकू येतोय.

रात्री गोठ्यात ऐकू येतो तो श्वास हा नव्हे. तो सावकाश चालतो, मधूनच एखादा लांब सुस्कारा. हा भराभर चाललाय. समोरच्या मुऱ्हा म्हशीच्या कुशीवर नजर ठेवून मी घड्याळ लावतो. मिनिटाला अठ्ठेचाळीस. थंडीत हीच म्हैस विसाच्या आसपास श्वास घेत असेल. मान पुढे ताणलेली, तोंड जरासं उघडं, खालच्या ओठावरून लाळेची तार थेट फरशीपर्यंत. पुढ्यात कडब्याची कुट्टी तशीच पडलीय. तिनं तोंड लावलेलं नाही आणि त्यात तिचं शहाणपणच आहे. चारा पोटात गेला की आंबायला लागतो, आंबताना उष्णता तयार होते, आणि आत्ता तिला आणखी उष्णता मुळीच परवडणारी नाही.

"अभी नहीं खाएगी," मुकादम म्हणतो. "रात को खाएगी. ठंडा हुआ तो."

मुकादम उत्तर प्रदेशातून पोरवयात आलाय. मराठी सगळं समजतं, बोलतो हिंदीत, शिव्या मात्र अस्सल आगरी. त्याच्या बनियनमध्ये कोरडा असा एक धागा नाही. हौदात गुडघाभर पाणी आहे, आणि तो हौदाजवळून हलत नाही, कारण ते प्यायला राखून ठेवलंय. दुभत्या म्हशीला या दिवसांत रोज साठ-सत्तर लिटर पाणी नुसतं प्यायला लागतं. धुवायचं वेगळं. दोन पोरं बादल्या घेऊन घुटमळताहेत, त्यांना तो हातानंच थोपवून धरतो.

मी म्हशीच्या पाठीवर तळवा ठेवतो आणि लगेच उचलतो. तिच्यावर ऊन पडलेलं नाही. पण पत्रा तापलाय आणि वरून धग ओततोय, आणि काळी कातडी ती सगळी पिऊन घेतेय. कातडी जाड, केस नावालाच, दोन केसांत बोटभर अंतर. म्हशीला घाम येतच नाही असं सरसकट म्हणतात, ते काही खरं नाही. येतो, पण घामाच्या ग्रंथी गाईच्या मानानं फारच थोड्या, त्यामुळे त्या घामावर तिचं भागत नाही. तिचा सगळा भरवसा बाहेरच्या पाण्यावर. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं. म्हैस डबक्यात उतरली की कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, आतलं तापलेलं रक्त वर येतं, गार होऊन परत जातं. बाहेर येताना अंगावर चिखलाचा थर असतो, तो वाळेपर्यंत गारवा पुरवतो आणि गोमाश्यांनाही लांब ठेवतो. आपण बाहेरून बघणारे त्याला आळस म्हणतो.

पण डुंबायचं कुठं? कामवारी नदी काही फार लांब नाही, पण आज तिच्या पाण्यात म्हैस सोडायची कोणाची छाती होणार नाही. भातखाचरं होती तिथं भराव पडून गोडाऊनं झाली, आणि खाचरांबरोबर पावसाळी डबकीही गेली. मुंबईतले तबेले शहराबाहेर काढायचे म्हणून १९४९ साली गोरेगावला आरे दुधवसाहत उभी राहिली. तेव्हाचं बाहेर आता पार आत आलं, आणि जनावरं सरकत सरकत खाडी ओलांडून इकडे आली. इथंही शहर मागोमाग येऊन पोचलंच. तेव्हा या म्हशींचं डबकं म्हणजे एक इंची पाइप, आणि पाइपाला मोटर लागते, आणि मोटरला लाइट.

तबेल्याच्या मागच्या कुंपणाशी उंट बसलाय.

तो इथं पाहुणा आहे. लग्नसराईत वरातीला, उरसाला, जत्रेत पोरांना फिरवायला म्हणून उंटवाला त्याला घेऊन ठाणे-भिवंडी-कल्याण करतो, आणि चार महिने या कोपऱ्याचं भाडं भरतो. भाड्यात पाणी येतं, चारा येत नाही. पत्र्याखाली जागा नाही, एकुलत्या करंजाच्या सावलीत सरकी पेंडीची पोती रचलीत, त्यामुळे उंट उन्हात आहे. भर उन्हात, आणि सूर्याकडे तोंड करून.

मला आधी त्या माणसाचा राग येतो. मग मी उंटाकडे जरा नीट बघतो. मिनिटाला बारा श्वास. तोंड मिटलेलं, जबडा आडवा फिरतोय, रवंथ चाललाय. तिकडे म्हशी रवंथ विसरल्यात.

"साब, इसको छाँव में बाँधो तो भी ये धूप देखके ही बैठेगा," उंटवाला सांगतो. तो स्वतः पोत्यांना टेकून सावलीत बसलाय. "सुबह उधर मुँह था. अब इधर है. शाम को उधर करेगा."

सूर्याला तोंड दिलं की उन्हात येतो तो नुसता छातीचा आणि मानेचा अरुंद भाग. आडवा बसला असता तर अख्खी कूस भाजून निघाली असती. मी उकिडवा बसून त्याच्या पोटाखाली बघतो. पोट जमिनीला टेकलेलंच नाही. छातीखाली ताटलीएवढा काळा, टणक घट्टा आहे, गुडघ्यांनाही तसेच घट्टे आहेत, सगळा भार त्यांच्यावर. पोटाखालून पलीकडची कुंपणाची तार दिसते. तिथून जी थोडी झुळूक वाहते ती पोटाला लागून जाते, आणि ज्या जमिनीवर तो बसलाय ती त्याच्याच सावलीत राहते.

मानेवर आणि मांड्यांवर केस कातरून नक्षी काढलीय, वेलबुट्टी, मध्ये एक मोर. पाठीवर आणि वशिंडावर मात्र कात्री लागलेली नाही.

"ऊपर का बाल नहीं काटते. काटेंगे तो जल जाएगा."

हे उंटवाल्याला बापाकडून आलंय. विज्ञानाला ते मोजून घ्यायला १९५०चं दशक उजाडावं लागलं. क्नुट श्मिट-नील्सन हे शास्त्रज्ञ १९५३-५४ मध्ये अल्जीरियातल्या बेनी अब्बेस नावाच्या मरूद्यानात, बायको बोदिल (त्याही शास्त्रज्ञच) आणि मुलांसह मुक्काम ठोकून राहिले आणि त्यांनी उंटांची तापमानं घेतली, पाण्याचा हिशेब ठेवला. एका उंटाचे केस त्यांनी पुरते कातरून पाहिले. घामावाटे जाणारं त्याचं पाणी दीडपट झालं. केस म्हणजे उंटाचं ऊबदार पांघरूण असेल, पण उन्हात ते उलटं काम करतं. ऊन केसांच्या टोकांवर अडतं, टोकं तापतात, आणि घाम मात्र खाली, कातडीलगत वाळतो. जिथं गारवा हवा तिथंच तो पडतो.

त्यांचं मोठं निरीक्षण दुसरं होतं. बरेच दिवस पाणी न मिळालेल्या उंटाचं तापमान पहाटे ३४ अंश सेल्सियसच्या आसपास असायचं आणि सायंकाळी ४० च्या वर जायचं. माणसाचं अंग ३४ वर आलं तर आपण त्याला गोधड्यांत गुंडाळून दवाखान्यात पळवू, आणि ४० वर गेलं तर बर्फ शोधू. उंट रोज हा फेरा करतो आणि त्याला काही झालेलं नसतं. दिवसभराची उष्णता घाम गाळून फेडण्याऐवजी तो ती अंगावर उधार ठेवतो, आणि रात्री वाळवंट गार पडलं की पाण्याचा थेंब खर्च न करता फेडून टाकतो. पाचशे किलोच्या उंटाचं अंग सहा अंशांनी तापू दिलं की चार लिटरच्या वर घाम वाचतो. शिवाय अंग जितकं तापलेलं तितका बाहेरच्या गरम हवेशी फरक कमी, म्हणजे आत शिरणारी उष्णताही कमी. उंटाच्या वशिंडात पाणी असतं असं आपण शाळेत ऐकून मोठे झालो. तिथं चरबी असते, आणि ती एकाच जागी गोळा केल्यामुळे बाकीच्या अंगाभोवती चरबीचं अस्तर उरत नाही, उष्णता मोकळेपणी बाहेर पडते.

हे सगळं डोक्यात घेऊन मी समोरच्या उंटाकडे बघतोय, आणि हिशेब काही जुळत नाही.

पहिली गोष्ट, याला रोज पाणी मिळतं. श्मिट-नील्सन यांच्याच नोंदींत आहे की रोज पाणी पिणाऱ्या उंटाचं तापमान दिवसभरात फार तर दोनेक अंश हलतं. पाणी आहे तर तो सरळ घाम गाळतो, तुमच्या-माझ्यासारखा. टंचाई नसली की त्याची ती जगप्रसिद्ध काटकसर आपोआप बंद. दुसरी गोष्ट, फेडायची रात्र इथं येतच नाही. मे महिन्यात इथला पारा रात्रीही सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली क्वचितच उतरतो, आणि दिवसभर तापलेलं काँक्रीट आणि गोडाऊनांच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतात.

आणि तिसरी गोष्ट हवेतली. मी फोन काढून बघतो. ३७ अंश, आर्द्रता ५४ टक्के. आपल्या अंगाचं तापमानही ३७च. म्हणजे या क्षणी भिवंडीची हवा माणसाच्या अंगातली उष्णता घ्यायला तयार नाही, उलट कातडी तिच्याहून जरा गार असल्यामुळे ती थोडी देतेच आहे. उरला एकच रस्ता, पाणी वाळवण्याचा. एक लिटर घाम पुरता वाळला तर तो अंगातून इतकी उष्णता नेतो की तेवढ्या आचेवर सात-आठ लिटर पाण्याला उकळी फुटावी. पण हवेत आधीच निम्म्याच्या वर वाफ भरलेली असली की घाम वाळत नाही, गळतो, आणि गळलेला घाम फुकट गेला. उन्हाळा बिकानेरलाही असतो आणि आकडा तिथं पंचेचाळीसला जातो. पण ऊन किती आहे यापेक्षा अंगातली उष्णता टाकायची कुठं, याच्यावर जनावराचा जीव तरतो. बिकानेरची हवा आणि रात्र ती घेतात. भिवंडीत दोन्ही दारं अर्धी लावलेली आहेत.

मागच्या गल्लीतल्या पॉवरलूममधले चार-पाच कामगार बाहेर येऊन तबेल्याच्या ओट्यावर बसलेत. लाइट नाही म्हणजे लूम नाही, आणि लूम नाही म्हणजे मजुरी नाही, कारण ती मीटरवर मिळते. लुंग्या गुडघ्यांवर खोचलेल्या, अंगावरून घामाचे ओघळ. घाम गाळण्यात माणसाचा हात धरणारा प्राणी विरळा. पण ओघळ दिसतोय याचाच अर्थ वाळत नाहीये. एक जण पुठ्ठ्यानं वारा घेतोय, तो खरा शास्त्रशुद्ध वागतोय. अंगालगतची दमट हवा हटली की तेवढाच घाम वाळतो.

एका पोरट्यानं फोनवर कुठला तरी व्हिडिओ लावलाय. उंटासारखी मान, मेंढीसारखी लोकर. "चाचा, देखो आपके ऊँट का बच्चा," तो उंटवाल्याला दाखवतो. उंटवाला डोळे बारीक करून बघतो आणि म्हणतो, "इसका पीठ किधर गया?"

तो लामा आहे, आणि पोरट्याचा विनोद नातं म्हणून अगदीच चुकीचा नाही. लामा, अल्पाका, ग्वानाको आणि विकुन्या ही दक्षिण अमेरिकेतली उंटाची भावंडं. अँडीज पर्वतात, साडेतीन-चार हजार मीटरांवर, दुपारचं ऊन चटका देतं आणि रात्री पाणी गोठतं. तिथं लोकर टाकून चालत नाही, आणि बाळगून दुपारी जीव घाबरतो. या कुळानं त्यावर तोडगा काढलाय तो असा: पाठीवर लोकर दाट, पण पोटाखाली, काखेत, जांघेत केस अगदी विरळ, जवळजवळ उघडी कातडी. थंडीत पाय दुमडून खाली बसलं की हे सगळे उघडे भाग आपोआप झाकले जातात. उकडलं की उभं राहायचं, पाय जरा फाकायचे, किंवा कुशीवर लवंडून पोट वाऱ्याला द्यायचं. ग्वानाकोवर १९६०च्या दशकात झालेल्या अभ्यासात हे नीट दिसलं. अंगावरचं लोकरीचं वजन तेवढंच, पण नुसत्या बसण्या-उठण्यानं उष्णता अडवायची की सोडायची ते ठरतं.

अमेरिकेत आता हौसेनं लामा पाळतात, अगदी दमट उन्हाळ्याच्या राज्यांतसुद्धा, आणि तिथं ते उष्माघातानं मरतातही. म्हणून पाळणाऱ्यांनी एक साधी बेरीज ठरवलीय. फॅरनहाइटमधलं तापमान अधिक आर्द्रतेचा आकडा. एकशेवीसच्या आत असेल तर काळजी नाही, पुढे जपायला लागायचं, एकशेऐंशीच्या वर गेलं तर धोका. आमचे आत्ताचे ३७ अंश म्हणजे ९८.६, त्यात ५४. दीडशेच्या वर गेलो. जुलैत पाऊस थांबून दुपारी ऊन पडलं की याहून वाईट. लामाला गार करताना ते लोक पाणी पाठीवर मारत नाहीत, पोटावर आणि पायांवर मारतात. पाठीवरची लोकर भिजली की ती ओल्या घोंगडीसारखी बसते आणि आतली वाफ आतच कोंडते.

गंमत अशी की हे सगळं कूळ मुळात वाळवंटातलं नाहीच. उंटांचे पूर्वज उत्तर अमेरिकेत घडले. तिथून काही आशियात आले, काही दक्षिणेला उतरले. कॅनडाच्या पार उत्तरेला, एल्समीर बेटावर सापडलेल्या हाडांच्या तुकड्यांवरून २०१३ मध्ये कळलं की सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वी तिथल्या जंगलात, वर्षातले महिनोन्‌महिने अंधार आणि बर्फ असताना, आजच्या उंटाहून मोठे उंट हिंडत होते. रुतत नाहीत असे पसरट पाय आणि चरबीचा साठा आधी बर्फासाठी कामी आला असावा, वाळू नंतर भेटली, असं त्या संशोधकांना वाटतं. म्हणजे वाळवंटाचं जहाज म्हणून आपण ज्याला मिरवतो त्याची घडण कदाचित थंडीतली.

पावणेतीनला पंखे एकदम घरघरतात.

ओट्यावरचे कामगार एक शब्द न बोलता उठतात. मागच्या गल्लीत पहिली लूम खडखडते, मग दुसरी, मग सगळ्यांचा एकच आवाज. मोटर दोन आचके देऊन पाणी ओढते. मुकादमानं पाइप आधीच हातात धरलाय. पहिलं पाणी पाइपातलं, उन्हात उकळलेलं, ते तो मोरीत सोडून देतो, बोटांनी चाचपत राहतो आणि गार लागल्यावरच म्हशीकडे वळतो. आधी पाय, मग पोट, मग कास, मग कूस, पाठ सगळ्यात शेवटी. लामावाल्यांचं आणि याचं कधी बोलणं झालेलं नाही, म्हशीला लोकरही नाही, पण हात खालून वरच जातो. विचारलं तर म्हणतो, एकदम पाठीवर मारलं की बिचकते.

पाणी लागतं तशी करडी, धुळकट कातडी पट्ट्यापट्ट्यानं काळी होत जाते. शेणाचे पापुद्रे सुटतात. पाठीवरून तो पाइप सावकाश फिरवतो तेव्हा वाफेचा एक विरळ पदर वर उठतो आणि पंख्यात विरून जातो. माझी मुऱ्हा म्हैस आधी कान हलवते, मग डोळे अर्धे मिटते, मग मान वळवून स्वतःच दुसरी कूस पाण्याखाली धरते. पलीकडची एक दावं ताणून जागच्या जागी सरकतेय, तिला नंबर यायच्या आधीच पाणी हवंय. मुकादम तिला आगरीत काहीतरी सुनावतो आणि एक फवारा तिकडे मारतो.

हे सुरू असताना जनावरांचे डॉक्टर येतात. शेवटच्या टोकाला, पश्चिमेच्या भिंतीलगत बांधलेली एक मेहसाणी म्हैस सकाळपासून सुस्त आहे. तिच्या पलीकडे गोडाऊनचा पत्रा हातभर अंतरावर आहे आणि दुपारचं ऊन त्याच्यावरच पडतं. डॉक्टर शेपटी बाजूला धरून थर्मामीटर लावतात. आम्ही तिघं चौघं उगाच श्वास रोखून उभे. १०४.२ फॅरनहाइट. म्हशीचं नेहमीचं एकशे-एकच्या आसपास.

"ताप नाही हा," ते सांगतात. "आजारी नाहीये ती. तापलीय. हिला इंजेक्शन नको, पाणी मारा, आणि पाणी मारून झालं की तो फरशीवरचा पंखा हिच्यावर लावा. नुसतं भिजवून ठेवू नका. वारा लागला पाहिजे." पुठ्ठेवाला कामगार आता इथं असता तर खूश झाला असता. डॉक्टर मुकादमाला गूळ-मीठ घातलेलं पाणी पाजायला सांगतात आणि तिची जागा बदलायला सांगतात. जागा कुठंय, असं मुकादम हातानं दाखवतो.

मी भीत भीत डॉक्टरांना उंटाचं विचारतो.

"उंट?" ते हसतात. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेत ते, तिथं उंट पुस्तकात होता. पण थर्मामीटर पुसता पुसता तेही कुतूहलानं मागे येतात. उंटवाला "झै, झै" करत नकेल धरून ठेवतो, उंट घशातून गुरगुरतो, हिरवट, आंबूस वासाचा एक घोट तोंडात आणतो, आणि थुंकायचं रहित करतो. १००.८.

"नॉर्मल."

पहाटे येऊन पुन्हा मोजायला हवं, मी म्हणतो. डॉक्टर माझ्याकडे अशा नजरेनं बघतात की पुढचं बोलणं मी गिळतो.

उंटवाला बादली घेऊन हौदाशी जातो. मुकादमाचं तोंड वाकडं होतं, कारण अजून वीस म्हशी धुवायच्या आहेत. दोघांत थोडी बाचाबाची होते, भाड्यात किती बादल्या धरल्यात यावरून. तहानेला उंट दहा मिनिटांत शंभर लिटर पितो. त्याच्या तांबड्या पेशी लांबट असतात, एवढं पाणी एकदम रक्तात आलं तरी फुगतात पण फुटत नाहीत. बहुतेक जनावरांना असा घोट सोसवत नाही. हे ऐकून मुकादम जास्तच घाबरतो. पण हा उंट काही बेनी अब्बेसचा नाही. काल प्यालाय, आज सकाळी प्यालाय. दोन बादल्या आणि तिसरीतली थोडी, एवढ्यावर तो तोंड वर करतो. ओठांवरून गळणारं पाणी खालच्या धुळीत बारीक खड्डे पाडतं.

अर्ध्या तासानं मेहसाणीचं पुन्हा घेतलं तर १०३. ती अजून खात नाहीये, पण मान वर आहे. बाकीच्या ओळीत इकडून तिकडून रवंथ सुरू झालाय. एकीचा जबडा हलायला लागला की शेजारणीचाही हलतो, असं मला उगाच वाटत राहतं.

साडेतीनला धार सुरू होते, आज उशिरानं. पितळी नाही, स्टीलच्या बादल्या, आणि मशीनही नाही, इथं अजून हातानंच. कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवून पोरं बसतात. पहिल्या धारा बादलीच्या बुडावर वाजतात, मग फेस येतो आणि आवाज बुजतो. तापलेली म्हैस पान्हा चोरते असं मुकादम म्हणतो. खरं तर चोरायला तिच्याकडे असतं थोडंच. ज्या रक्तानं कासेकडे जायचं ते आज दुपारभर कातडीकडे धावत होतं, चारा पोटात गेला नव्हता, आणि श्वासोच्छ्वासाचीच मेहनत एवढी झालीय.

मागे उंटाचा शृंगार चाललाय. गोंड्यांची झूल, आरशांचा पट्टा, गुडघ्यांना घुंगरू. आज भिवंडीत कुठं तरी वरात आहे, नवरदेव घोड्यावर आणि पुढे शोभेला हा. झूल चढली की पाठीला वारा लागणार नाही, मी म्हणतो. उंटवाला खांदे उडवतो. रात्रीच्या नऊला सुरू होणारी वरात, डीजेच्या गाडीमागे जनरेटर, जनरेटरचा धूर, आणि मध्ये हा. उंट एकेक सांधा उलगडत उठतो, आधी मागचा भाग, मग पुढचा, आणि फाटकातून बाहेर पडताना मान खाली घालतो. वर केबलची वायर लोंबतेय हे त्याला माहीत आहे.

मुकादम वही काढून कॅन मोजतो. पुन्हा मोजतो. मग शेठला फोन लावतो. शेठ जवळच राहतो, आवाज फोनबाहेर ऐकू येतो.

"काल से बाईस लिटर कम है."

पलीकडून विचारणा होते.

"लाइट गया था ना, सवा घंटा. एक भैंस खराब है. आप एक टँकर बोल के रखो, कल का भी भरोसा नहीं. और उधर दीवार के साइड में एक पंखा."

पलीकडे बराच वेळ काही बोललं जात नाही. मग शेठ मराठीत विचारतो, "टँकर कितीला देतोय तो?"

मुकादम आकडा सांगतो. शेठ म्हणतो, त्यात दोन दिवसांचं दूध गेलं. मुकादम म्हणतो, नहीं मँगाया तो चार दिन का जाएगा. शेठ म्हणतो, पंखा आण, टँकरचं उद्या बघू. मुकादम फोन ठेवतो, फरशीवरचा पंखा उचलून मेहसाणीच्या पुढ्यात लावतो, आणि कडब्याची कुट्टी गव्हाणीतून काढून पोत्यात भरायला सांगतो. रात्री दहाला टाकायची, त्याआधी नाही.